भाकर नाकारली तो रविवार

उपासना आटोपून थोरला घरी आला तेव्हा त्याच्या हातात ती छोटी काळी पेटी होती. तो चर्चमध्ये पाळक होता, आणि आजाऱ्यांना घरी प्रभुभोजन द्यायला पाळक नेतात ती ही पेटी. आत काचेचे चार प्याले, द्राक्षारसाची कुपी आणि रुमालात गुंडाळलेली भाकर. बाबांना तीन महिने मंडळीत, म्हणजे चर्चला, जाता आलं नव्हतं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती, पाय सुजून खांबासारखे झाले होते. डॉक्टरांनी शुक्रवारी स्पष्टच सांगितलं होतं की आता आठवडा, फार तर दोन. आजची भाकर शेवटची असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच.

थोरल्याने प्रार्थना केली. आई पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभी होती. धाकटी खिडकीपाशी. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, आज रविवारची सुट्टी होती. थोरल्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि बाबांच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत.

"बाबा, आ करा."

"नको."

"कोरडी वाटते का? बुडवून देतो."

"कोरडी नाही रे. नको म्हणजे नको."

थोरल्याने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली. सोळा वर्षांच्या पाळकपणात त्याने मरणाऱ्या माणसांच्या अंथरुणाशेजारी कितीतरी तास काढले होते. माणसं शेवटी घाबरतात, चाचरतात, हे त्याला माहीत होतं. पण बाबा? हॉस्पिटलात चाळीस वर्षं कंपाउंडर आणि मंडळीत पंचवीस वर्षं वडील, म्हणजे एल्डर, म्हणून काम केलेला माणूस. मंडळीत लोक गमतीने म्हणायचे, यांचं रिझर्वेशन कन्फर्म आहे, आपणच सगळे वेटिंगवर.

तो खुर्ची ओढून बसला. "बाबा, शंका येतात. शेवटी शेवटी सैतान तेवढंच करू शकतो. पण तारण आपल्या भावनांवर अवलंबून नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. ज्या दिवशी विश्वास ठेवला—"

"अठराव्या वर्षी. सभेत हात वर केला होता मी. तारीख अजून पाठ आहे." बाबांना धाप लागली. ते थांबले. "तुला वाटतंय मला खात्री नाही म्हणून मी नको म्हणतोय. उलटं आहे रे. खात्री मला होती. गेली एकतीस वर्षं, एक दिवससुद्धा ढळली नाही. मला झोप लागायची. कशी लागायची, तेच मला कळत नाही आता."

"अहो, पुरे," आई म्हणाली. "डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

"बोलायचंच राहिलंय." बाबा थोरल्याकडे पाहत होते. "छोटी मागच्या महिन्यात आली होती ना. माझी नखं कापली तिने. आणि कापता कापता म्हणाली, भाऊजी, तुम्ही आता जाताय. मला तिथे पोचायला मिळेल असं वाटत नाही. ती पोर तुम्हाला भेटली तर माझ्या वतीने माफी मागा."

छोटी म्हणजे आईची धाकटी बहीण, मुलांची मावशी. ती त्याच हॉस्पिटलात नर्स होती. एकतीस वर्षांपूर्वी मुलांच्या वॉर्डात तिच्या हातून औषध जास्त पडलं आणि चार वर्षांची एक मुलगी गेली. घरात ही गोष्ट एवढीच सांगितली जायची, तीही क्वचित. मावशीची नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि तेव्हापासून ती लाँड्रीत इस्त्री करत होती. दर रविवारी मंडळीत यायची, शेवटच्या बाकावर बसायची. भाकरीचं ताट समोर आलं की न घेता पुढे सरकवायची. ते ताट बहुतेक वेळा बाबांच्याच हातात असायचं.

"तिने सहाच थेंब दिले होते," बाबा म्हणाले. "चूक माझी होती."

आईने खोलीचं दार लोटून घेतलं.

"मोठ्या बरणीतलं औषध कडक असायचं. एकाला नऊ पाणी घालायचं आणि मग छोट्या बाटलीत भरायचं. त्या दिवशी मी पाणी घातलं नाही. घाई होती, कसली होती तेही आठवत नाही. तशीच भरली, चिठ्ठी चिकटवली आणि वॉर्डात पाठवली. नऊला छोटीने थेंब दिले. एकला पोरगी गेली. मी बरणीची पातळी बघितली आणि ओळखलं. वर गेलो. तपासायला नेतो म्हणून बाटली उचलली, ओतून दिली आणि नीट भरलेली दुसरी ठेवली. चौकशीत बाटलीतलं औषध बरोबर निघालं. मग उरलं कोण?"

थोरल्याच्या हातात भाकरीचा तुकडा अजून तसाच होता. त्या वर्षी तो नऊ वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात त्याने बाबांना या पलंगाशेजारी गुडघ्यांवर पाहिलं होतं. चेहरा हातांत, खांदे गदगदत होते. असं कोणाशी बोलतात बाबा, म्हणून तो दारात उभा राहिला होता. तिथेच त्याला देव खरा वाटला होता, पहिल्यांदा. पाळक होताना दिलेल्या साक्षीत त्याने हेच सांगितलं होतं, आणि पुढेही कितीदा तरी. प्रत्येक वेळी बायका डोळे पुसायच्या.

"तुम्ही देवापाशी कबूल केलंत ना?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"केलं. लगेच केलं. रडलो. त्याने क्षमा केली असं मला वाटलं आणि बरं वाटलं. मग उठलो आणि कामावर गेलो." बाबांनी डोळे मिटले. "छोटीला बोलाव. तोवर ती भाकर मला देऊ नकोस."

*

स्वयंपाकघरात आईने धाकटीचं मनगट धरलं.

"तू जायचं नाहीस."

"आई, हात सोड."

"औषधांच्या गुंगीत काहीही बोलतोय माणूस. उद्या तोच म्हणेल की मी असं म्हणालोच नव्हतो."

"गुंगीत कोणी एकाला नऊ पाणी सांगत नाही." धाकटीने आईकडे नीट पाहिलं. दिवसभर भिंगातला बारीक ओरखडा शोधणाऱ्या तिच्या डोळ्यांना आईच्या चेहऱ्यावर जे असायला हवं होतं ते दिसेना. आश्चर्य. "तुला माहीत होतं."

आईने नळ सोडला. घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"आई."

"दुसऱ्या दिवशी सांगितलं त्यांनी मला. इथेच, या ओट्याशी. म्हणाले, जाऊन सांगतो. तू सहा महिन्यांची होतीस. तुरुंगात गेले असते ते. मी म्हटलं, छोटी एकटी आहे, ना नवरा ना पोर, ती निभावून नेईल. तुमच्यामागे तीन जीव आहेत." पातेलं ओट्यावर आपटलं. "मीच म्हटलं. त्यांनी ऐकलं. आता देवाला काय तोंड दाखवायचं ते मी बघेन. तू कशाला मध्ये पडतेस?"

 धाकटीला एवढंच आठवलं की शाळेचे तिचे सगळे गणवेश मावशी फुकट इस्त्री करून द्यायची. घड्या अशा कडक की मुली विचारायच्या, तुमच्याकडे नोकर आहे का?

थोरला दारात येऊन उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"तू सांग हिला," आई त्याच्याकडे वळली. "तू पाळक आहेस. क्षमा झालेली पापं देव आठवतसुद्धा नाही, म्हणतोस ना तू? मग माणसांनी का उकरायची? मंडळीत तोंड दाखवता येईल तुला? तुझ्या बापाच्या हातची भाकर खाल्लेली माणसं आहेत ती."

एरवी थोरला आईच्या बाजूने उभा राहिला असता. लहानपणापासून त्या घरात अशीच वाटणी होती, आई आणि थोरला एकीकडे, बाबा आणि धाकटी दुसरीकडे. आणि आईचं बोलणं त्याला पटतही होतं, त्याचीच तर वाक्यं होती ती. तेवढ्यात आतून बाबांचा खोकला ऐकू आला, लांबलचक, तळापासून खरवडून काढल्यासारखा.

"आठवत नाही म्हणजे देवाला आठवत नाही," तो हळू म्हणाला. "मावशीला रोज आठवतंय. तिच्या डोक्यावर आहे ते." मग धाकटीला म्हणाला, "जा. रिक्षाने जा. लवकर घेऊन ये."

*

मावशी दुपारी तीनला आली. तिला वाटलं भाऊजी गेले असावेत आणि पोरीला सांगवत नसावं. म्हणून ती पांढरं लुगडं नेसून आली होती. दारातून तिला भाऊजींचे उघडे डोळे दिसले आणि ती ओशाळली.

तिला पलंगाजवळच्या खुर्चीत बसवलं. भाऊजींनी तोडत तोडत सांगितलं. सकाळपेक्षा आवाज खोल गेला होता. ती पुढे वाकून ऐकत होती, जसं नर्स पेशंटचं ऐकते. कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हातांवर इस्त्रीच्या जुन्या डागांच्या रेघा होत्या. सांगून झालं तरी ती तशीच वाकलेली राहिली.

"मला चार वेळा चौकशीला बोलावलं त्यांनी," ती अखेर म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "पहिल्यांदा मी म्हटलं, सहा थेंब. मोजले होते. दुसऱ्यांदाही सहाच म्हटलं. मग विचारायला लागले, रात्रपाळी झाली होती का? मोजताना कोणी हाक मारली का? लग्न ठरलंय ना, मन कुठे होतं? चौथ्यांदा मी म्हटलं, असेल. झाली असेल चूक. सही केली. मग मला आठवायलाच लागलं. जास्त पडलेलं. चमच्यात दिसायला लागलं मला. एकतीस वर्षं रोज दिसतंय ते, भाऊजी. जे झालंच नाही ते."

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. ते पुसायला कोणी पुढे झालं नाही.

"मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, माझ्यासारखीचं तारण होतं का," मावशी म्हणाली. "मंडळीच्या पायऱ्यांवर. तुम्ही काय म्हणालात?"

"पश्चात्ताप कर म्हणालो."

"हो. केला मी. खूप केला. लागू पडत नव्हता. मला वाटायचं, माझा विश्वासच खरा नाही." ती हसल्यासारखी झाली. "लागू कसा पडणार? आजार तुमचा, औषध मी घेत होते."

मग तिने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"ताई, तुला माहीत होतं?"

 धाकटीने आईकडे पाहिलं. भाऊजींनी उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला.

"नाही," आई म्हणाली. "मलाही आजच कळलं."

भाऊजींचं डोकं उशीवर पडलं. त्यांनी डोळे मिटले. मावशीने मान डोलावली. ते उत्तर तिला हवं होतं, हे सगळ्यांना दिसलं. थोरला बोलायला पुढे झाला आणि थांबला. धाकटीही गप्प राहिली. आईचं पाप तिने स्वतःच सांगायला हवं, असं थोरल्याने स्वतःला समजावलं. हे धर्माचं बोलणं आहे की भित्रेपणाचं, हे त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही.

"मला हे लिहून हवंय," मावशी म्हणाली.

धाकटीने कागद आणला. बाबांनी सांगितलं, तिने लिहिलं. आठ ओळी झाल्या. सही करायला बाबांना कितीतरी वेळ लागला. पेन दोनदा चादरीवर पडलं. साक्षीदार म्हणून थोरल्यापुढे कागद आला तेव्हा त्याला आठवलं की त्याचं पाळकपद, त्याची साक्ष, त्याची मंडळी, सगळं याच माणसाच्या नावावर उभं होतं. त्याने सही केली. नावाआधी पाळक असं लिहिण्याची त्याला सवय होती. आज लिहिलं नाही.

"कोणाला दाखवणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"त्या पोरीची आई मागच्या वर्षी वारली. मी बाहेर उभी होते, प्रेत नेलं तेव्हा. बाप आधीच गेला होता. दाखवायला कोणी राहिलेलं नाही." तिने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक. "मलाच वाचायचाय. रोज."

"छोटे," बाबा म्हणाले, "मला क्षमा करशील?"

मावशी उठली. तिने पाण्याचा पेला घेतला, त्यांच्या मानेखाली हात घालून दोन घोट पाजले. त्या हाताला ते अजून येत होतं. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "आज नाही जमायचं भाऊजी. जमलं असं म्हणू शकते, पण ते खोटं होईल. तुम्ही मरताय म्हणून मी खोटं बोलले तर पुन्हा तेच झालं की."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

ती गेल्यावर थोरल्याने विचारलं, "बाबा, आता देऊ?" पेटी अजून टेबलावर उघडीच होती.

बाबांनी नकाराची मान हलवली. "तिने अजून घेतली नाही ना? ती घेईल तेव्हा मलाही दे. नाहीतर राहू दे."

"बाबा, तोपर्यंत—"

"कळतंय मला." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "भीती वाटते रे. खरंच वाटते. पण आज पहिल्यांदा असं वाटतंय की मी बोलतोय ते कोणीतरी ऐकतंय. त्या हिवाळ्यात मी फक्त माझाच आवाज ऐकत होतो."

मंगळवारी सकाळी, धाकटी अंग पुसत असताना, ते गेले. भाकर न घेता.

*

बुधवारी दफन झालं. आईला वाटलं होतं थोरला नेहमीसारखं बोलेल. त्याने बापाच्या नोकरीबद्दल बोलायचं टाळलं, मंडळीच्या सेवेबद्दलही टाळलं. तो म्हणाला, माझ्या वडिलांनी एका माणसाचं फार मोठं नुकसान केलं आणि शेवटच्या रविवारी त्या माणसासमोर ते कबूल केलं, यापेक्षा जास्त मला आज सांगता येत नाही. माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मावशी आली होती, पण दफनभूमीच्या फाटकापाशीच उभी राहिली आणि माती टाकायच्या आधी निघून गेली.

सगळे पांगल्यावर आईने थोरल्याला पुढच्या खोलीत गाठलं. पलंग उचलला होता. फरशीवर चार पायांचे चार फिकट चौकोन राहिले होते.

"तुझे बाबा कुठे आहेत, सांग मला."

"देवाच्या हातात आहेत, आई."

"हे तू सगळ्यांना सांगतोस. मला सांग. तारण झालं का त्यांचं?"

सोळा वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याच्या ओठावर तयार असायचं. तो भिंतीला टेकला. "मला वाटतं, हो. पण का वाटतं ते मागच्या महिन्यात विचारलं असतंस तर वेगळं सांगितलं असतं. तेव्हा म्हटलं असतं, त्यांना खात्री आहे म्हणून. आता वाटतं ते त्यांना भीती वाटली म्हणून. इतकी भीती वाटूनही त्यांनी तिला बोलावलं म्हणून."

आईने पायाने एका चौकोनावरची धूळ सारली.

"मला भीती वाटत नाही," ती म्हणाली. "रविवारी मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. बोलून झाल्यावर मला हायसं वाटलं. काल त्यांचे डोळे मिटवताना मनात काय आलं माहीत आहे? आता मी आणि तुम्ही दोघं एवढेच उरलो माहीत असणारे. एवढंच आलं. साठ वर्षं प्रार्थना केली मी, आणि आत हात घातला तर हे निघालं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "माझं काय रे?"

 थोरल्याला येत असलेलं सगळं तिला पाठ होतं, बहुतेक तिनेच त्याला शिकवलेलं. त्याने फक्त तिचा हात धरला. तिने धरू दिला, मग सोडवून घेतला, आणि चपला शोधायला लागली.

"मी येऊ?" धाकटीने विचारलं.

"नको. तू आलीस तर मी तुझ्याआड लपेन."

लाँड्री दोन गल्ल्या सोडून होती. समोरच्या टेबलावर पावत्यांचं पुस्तक घेऊन माणूस बसला होता. मागे वाफेत कपड्यांचे ढीग, आणि भिंतीकडेला मोठ्या इस्त्रीच्या यंत्रापाशी छोटी. बहिणीच्या नवऱ्याच्या दफनाहून ती थेट कामावर आली होती.

"कपडे द्यायचेत की न्यायचेत?" माणसाने विचारलं.

"ती माझी बहीण आहे."

छोटीने वर पाहिलं, पण पायाखालची पट्टी दाबलेलीच ठेवली. वाफ भसकन बाहेर आली. आई टेबलाला वळसा घालून आत गेली. आत आणखी दोन बायका शर्टांना बटणं लावत होत्या, त्या थांबल्या. आईला वाटलं होतं हिला बाजूला घेऊन बोलावं. पण तेवढा वेळ गेला तर आपण पुन्हा काहीतरी वेगळंच बोलू, हेही तिला कळलं.

"छोटे, मी रविवारी खोटं बोलले. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ते सांगायला निघाले होते. मी अडवलं. तू एकटी आहेस, तू निभावशील, असं मी म्हटलं."

 छोटीच्या यंत्राखाली चादर होती. ती वेळेवर उचलली नाही, म्हणून करपल्याचा वास सुटला. बटणं लावणारी एक बाई धावत आली आणि तिने पट्टी सोडवली. चादरीवर तपकिरी डाग उमटला होता. छोटी त्या डागाकडे बघत राहिली.

"भाऊजींचं मी सोसेन बहुतेक," ती म्हणाली. "लग्न तुझं त्यांच्याशी झालं होतं, माझं नाही. पण तू मला अंघोळ घालायचीस गं लहानपणी."

"हो."

"जा इथून."

आई वळली. टेबलापर्यंत पोचली असेल तेव्हा मागून आवाज आला. चढा नव्हता, पण वाफेच्या आवाजातूनही स्पष्ट ऐकू आला.

"उद्या ये असं मी म्हणत नाही. आलीस तर हाकलणार नाही, एवढंच."

आई घरी आली. धाकटीने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. 

"सांगितलं," आई म्हणाली.

"काय म्हणाली?"

आईने सांगितलं. मग पेला दोन्ही हातांत घट्ट धरून तिने विचारलं, "सकाळी ती लाँड्री किती वाजता उघडते गं?"

"साडेआठला."

"मला आठला उठव."